कॅरोलस क्लुसियस

कॅरोलस क्लुसियस (मूळ नाव शार्ल द लेक्लूझ, १९ फेब्रुवारी १५२६, आरास – ४ एप्रिल १६०९, लायडन) हे सोळाव्या शतकातील अग्रगण्य युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ट्यूलिपसारखी कंदवर्गीय फुलझाडे व बटाटा यांचा युरोपातील बागांमध्ये प्रसार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

शिक्षण व लेखन

क्लुसियस यांनी प्रारंभी लूव्हाँ येथे कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे मोंपेलिए येथे ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १५६४–६५ मध्ये त्यांनी स्पेन व पोर्तुगालचा प्रवास केला. गार्सिया द ऑर्ता यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला होता. क्लुसियस यांनी त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद १५६७ मध्ये प्रसिद्ध केल्यामुळे तो युरोपभरच्या विद्वानांपर्यंत पोहोचला.

व्हिएन्नातील वास्तव्य

१५७३ मध्ये सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याने त्यांना व्हिएन्नास बोलावले. ऑटोमन साम्राज्यातून तेथे ट्यूलिपचे कंद व बिया येत असत. शरद ऋतूत लावलेला ट्यूलिपचा कंद वसंतात फुलतो. पाने सुकल्यावर काढलेले कंद काही महिने मातीविना टिकतात, त्यामुळे ते दूरवर पाठवता येत. क्लुसियस यांनी ते देशोदेशीच्या बागप्रेमी मित्रांना विनामूल्य पाठवले. त्या मित्रांत अनेक स्त्रियाही होत्या. १५८८ मध्ये त्यांना बटाट्याचे दोन कंद भेट मिळाले. त्यांची लागवड करून त्यांनी बटाट्याचाही प्रसार केला.

मॅक्सिमिलियनच्या मृत्यूनंतर नवा सम्राट दुसरा रूडॉल्फ याने त्यांना सेवेतून दूर केले होते. १५८८ मध्येच ते व्हिएन्ना सोडून फ्रँकफुर्टला गेले.

लायडन

१५९३ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात आले. दुखापतींमुळे त्यांना चालणे अवघड झाले होते. औषधविक्रेते डिर्क क्लाउट यांच्या साहाय्याने १५९४ मध्ये विद्यापीठाच्या उद्यानात एक हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पती लावण्यात आल्या. १६०१ मध्ये त्यांचा दुर्मीळ वनस्पतींवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकरंगी ट्यूलिपवर अचानक पट्टे उमटले की झाड पुढे क्षीण होते, हे त्यांनी नोंदवले. त्यामागे विषाणू असतो, हे विसाव्या शतकात उघड झाले.

देवाणघेवाण आणि व्यापार

क्लुसियस यांच्या लेखी कंद ही मैत्रीने देण्याची वस्तू होती. मात्र मागणी वाढताच तिला बाजारभाव आला आणि त्यांच्या बागेतून कंद वारंवार चोरीस गेले. पुढे नेदरलँड्समध्ये पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांवर सट्टा खेळला जाऊ लागला. १६३७ मध्ये त्यांचे भाव कोसळले. तेव्हा क्लुसियस यांच्या निधनास २८ वर्षे झाली होती.

ट्यूलिपा क्लुसियाना या जातीस आणि क्लुसिया या प्रजातीस त्यांचे नाव देण्यात आले आहे. लायडनचे उद्यान आजही विद्यापीठाच्या व्यवस्थेत आहे.