मुख्याध्यापकांचा अनुत्तीर्ण मुलगा

मालगुडीचे जनक आर. के. नारायण यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रास येथे झाला. बालपण तेथेच, पुरसवाक्कम भागात आजीच्या छत्राखाली गेले. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलमध्ये वडील कृष्णस्वामी अय्यर मुख्याध्यापक झाले, तेव्हा किशोरवयीन नारायण आईवडिलांपाशी राहावयास आले आणि त्याच शाळेत शिकू लागले. शिस्तप्रिय मुख्याध्यापकांच्या मुलाचे गुण साऱ्या शाळेच्या नजरेत असतात. हे ओझे दप्तरापेक्षा जड!

विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नारायण अनुत्तीर्ण झाले. धास्ती होती पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची. दगा दिला तो इंग्रजीने. ज्या भाषेतील लेखनाने पुढे जगभर कीर्ती मिळवून दिली, त्याच भाषेत!

पुढचे एक वर्ष ते घरीच होते. लौकिकदृष्ट्या हे वर्ष वाया गेले. वस्तुतः त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्ष हेच म्हणावे लागेल. पुस्तक घेऊन कुक्करहळ्ळी तलावाकाठी जावे, झाडाखाली वाचीत बसावे, असा त्यांचा क्रम होता. वडिलांच्या शाळेचे समृद्ध ग्रंथालय त्यांना खुले होते. लेखणीही याच काळात हाती आली. १९२६ मध्ये ते परीक्षा उत्तीर्ण झाले. पदवीला मात्र तीनऐवजी चार वर्षे लागली. त्यानंतरची शिक्षकाची नोकरी अल्पकाळच टिकली.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकांकडून परत येत राहिले. अखेर ऑक्सफर्डमधील मित्राने ते ग्रॅहम ग्रीन यांना दाखविले आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सोमवारची सकाळ, न सुटणारी गणिते, मुख्याध्यापकांची छडी, मित्रांचा अबोला हे स्वामीचे विश्व शाळेत घुसमटलेल्या माणसालाच रंगविता आले असते. दूरदर्शनवरील शंकर नाग दिग्दर्शित ‘मालगुडी डेज’मुळे तो स्वामी मराठी घरांतही पोहोचला. त्या मालिकेची रेखाचित्रे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. त्यांनाही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता.

१९८६ मध्ये नारायण राज्यसभेवर नियुक्त झाले. १९८९ मधील आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी मांडला तो एकच विषय: शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तर आणि त्यांचे हरवलेले बालपण. त्यावेळी ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९९३ च्या अहवालाने दप्तराच्या वजनाहूनही न समजता केलेल्या अभ्यासाचा भार अधिक घातक ठरविला. १३ मे २००१ रोजी नारायण यांचे निधन झाले. म्हैसूरच्या यादवगिरीतील त्यांचे घर आता संग्रहालय आहे.