चित्रकार टर्नर

इंग्लंडांतील सुप्रसिद्ध निसर्गचित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर याचा जन्म इ. स. १७७५ मध्यें लंडन शहरीं झाला. त्याचा पिता न्हावी असून केसांचे टोपही करीत असे. माता मनोविकारानें पीडित होती. घरीं वैभव नव्हतें. परंतु पिता मोठ्या कौतुकानें पुत्राचीं चित्रें आपल्या दुकानांत विक्रीस मांडी. बालपणीं टर्नरनें वास्तुशिल्पज्ञांच्या हाताखालीं इमारतींचीं रेखाचित्रें काढिलीं. चौदाव्या वर्षीं रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेंत त्याचा प्रवेश झाला. इ. स. १८०२ मध्यें तो त्या संस्थेचा पूर्ण सभासद झाला व १८०७ मध्यें तेथेंच यथार्थदर्शनाचा प्राध्यापक नेमला गेला.

इ. स. १७९७ च्या प्रवासांत, इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर ट्वीड नदीच्या कांठीं उभा असलेला नॉरहॅमचा भग्न किल्ला त्यानें पाहिला. त्याचीं चित्रें त्यानें पुढें अनेकदां काढिलीं. आरंभींच्या चित्रांत भिंती, बुरूज, गुरें हीं नीट ओळखूं येतात. सुमारें १८४५ मध्यें, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तोच किल्ला त्यानें पुन्हां रंगविला. आतां किल्ला म्हणजे केवळ एक निळसर छाया. मागें उगवत्या सूर्याचा फिकट पिवळा प्रकाश, खालीं पाण्यांत त्याचें प्रतिबिंब, आणि उथळ पाण्यांत तांबूस रंगाची एक गाय. घाईनें पाहणारास येथें कांहींच काढिलेलें नाहीं असें वाटेल. परंतु क्षणभर थांबून पाहावें. दाट धुक्याच्या पहाटे वस्तु दिसण्यापूर्वीं आपणांस उजेड दिसतो. तो उजेडच या चित्राचा विषय आहे.

असल्या चित्रांमुळें टर्नरची पुष्कळ थट्टा झाली. १८४२ मधील त्याच्या हिमवादळाच्या चित्रास टीकाकारांनीं साबणाचा फेंस व चुन्याची सफेती ठरविलें. दुसऱ्याच वर्षीं जॉन रस्किन या तरुण लेखकानें ग्रंथ लिहून त्याचा पक्ष घेतला. नॉरहॅमचें तें शेवटचें चित्र मात्र टर्नरनें कधींच प्रदर्शनांत मांडिलें नाहीं. तें १९०६ मध्यें लोकांपुढें आलें.

इ. स. १८५१ मध्यें टर्नर वारला व सेंट पॉलच्या मंदिरांत त्याचें दफन झालें. गरीब चित्रकारांसाठीं संपत्ति ठेवण्याची त्याची इच्छा नातलगांच्या दाव्यामुळें सफल झाली नाहीं. परंतु त्याचीं चित्रें राष्ट्रास मिळालीं.

विद्यार्थिमित्रहो, टर्नरनें दगड वगळले, ते काढतां येत नव्हते म्हणून नव्हे. अर्धशतक प्रत्येक दगड निरखून काढिल्यावर मगच कोणता सोडावा हें त्यास कळलें.