खर्रा, उंदीर आणि डॉ. कमल रणदिवे

जरीपटक्याच्या पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना. यातली सुपारीही कर्करोग आणते का, हे तपासणाऱ्यांत होत्या डॉ. कमल रणदिवे.

जन्म पुण्यातला, १९१७ चा. मुलीने डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटायचं. तिने जीवशास्त्र निवडलं. मुंबईत डॉ. खानोलकरांकडे संशोधन सुरू झालं. उंदरांच्या पिल्लांना आईच्या दुधातून विषाणू मिळतो आणि पुढे स्तनाचा कर्करोग होतो, हे तोवर कळलं होतं. पण विषाणू असूनही काही माद्या ठणठणीत कशा? रणदिवेंनी हाच प्रश्न धरला. हार्मोन्सची साथ मिळाली की विषाणू घात करतो, हा दुवा त्यांनी जोडला.

मग नजर रसायनांकडे वळली. सुपारी-तंबाखूचे अर्क हॅमस्टरच्या गालात लावून केलेले प्रयोग त्यांच्या गटाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या.