घरात ११ पोरं, चित्रात मात्र शांतता: खिडकीतला उजेड रंगवणाऱ्या व्हर्मीरची गोष्ट

एक बाई भांड्यात दूध ओततेय. समोर टेबल, टेबलावर पाव. मागं पांढरी भिंत आणि डाव्या हाताला खिडकी. बस्स, चित्रात एवढंच आहे.

पण हे चित्र बघायला जगभरातून लोक अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रांग लावतात. आकार म्हणाल तर जेमतेम दीड फूट. त्यात ना राजा आहे, ना लढाई, ना देव. मग लोक बघतात काय?

लोक बघतात खिडकीतून आत आलेला उजेड. तो भिंतीवर कसा पसरलाय, पावावर कसा चमकतोय, बाईच्या कपाळावर कसा पडलाय. साध्या स्वयंपाकघराला त्या उजेडानं देवघरासारखं शांत करून टाकलंय.

हे चित्र काढणाऱ्या माणसाचं नाव योहान्नेस व्हर्मीर. एका खोलीत उजेड कसा येतो आणि त्यानं खोलीचा मूड कसा बदलतो, हेच त्यानं आयुष्यभर पाहिलं. आणि तो मेला तेव्हा घरच्यांवर पाववाल्याची मोठी उधारी होती.

खाणावळवाल्याचा मुलगा

नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट नावाचं शहर आहे. ३१ ऑक्टोबर १६३२ ला तिथल्या चर्चमध्ये व्हर्मीरच्या बाप्तिस्म्याची नोंद झाली. काळ लक्षात यावा म्हणून सांगायचं तर शिवाजी महाराजांच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी.

वडील मूळचे रेशमी कापड विणणारे. पुढं त्यांनी खाणावळ चालवायला घेतली आणि जोडीला चित्रांच्या खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला. १६५२ मध्ये ते वारले. मुलाला वारशात चित्रांचा धंदा मिळाला, आणि सोबत कर्जही.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १६५३ मध्ये, व्हर्मीरचं कॅथरिना बोल्नेसशी लग्न झालं. ती कॅथलिक, तो प्रोटेस्टंट घरातला. शिवाय तिच्या माहेरी पैसा. तिच्या आईला, म्हणजे मारिया थिन्स यांना, हे स्थळ काही पसंत नव्हतं. पण त्यांनी लग्न अडवलंही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हर्मीर शहरातल्या चित्रकारांच्या संघटनेचा सभासद झाला. आता त्याला स्वतःच्या नावानं चित्रं विकता येणार होती.

तो कुणाकडं शिकला, हे आजवर कुणालाच सापडलेलं नाही.

सुरुवातीला त्यानं त्या काळच्या रिवाजाप्रमाणं बायबलमधले आणि पुराणातले प्रसंग मोठ्या आकारात रंगवले. पण थोड्याच वर्षांत तो तिथून वळला आणि घरात शिरला. पत्र वाचणारी बाई, लेस विणणारी मुलगी, वाद्य वाजवणारी तरुणी. देव आणि संत मागं पडले, खिडकी पुढं आली.

सासूबाईंच्या घरातली खोली

लग्नाला नाराज असलेल्या सासूबाईंनीच पुढं जावयाला आसरा दिला. हे जोडपं मारिया थिन्स यांच्या घरी राहायला गेलं. कॅथरिनाला एकूण १५ मुलं झाली. त्यातली चार तान्हेपणीच गेली. म्हणजे घरात ११ मुलं, सासूबाई आणि कामवाल्या बाया. त्या घरात आवाज किती असेल, विचार करा.

आणि चित्रांत? एकही मूल रडत नाही. बहुतेक चित्रांत एक किंवा दोनच माणसं, तीही आपापल्या कामात गढलेली.

हे सगळं तो रंगवायचा वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत. त्याच्या मृत्यूनंतर घरातल्या सामानाची यादी केली गेली, ती आजही उपलब्ध आहे. त्यावरून कळतं की या खोलीत दोन चित्रफळ्या ठेवायचे स्टँड, तीन पॅलेट आणि दहा कोरे कॅनव्हास होते.

या खोलीची मोठी गोष्ट म्हणजे तिच्या खिडक्या उत्तरेकडं होत्या. आता यात काय विशेष? तर युरोपात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं झुकलेला असतो. त्यामुळं उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येतच नाही. येतो तो आकाशाचा मऊ, थंड उजेड. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फारसा हलत नाही. एकाच चित्रावर महिनोन्‌महिने काम करणाऱ्या माणसाला असाच उजेड लागतो.

उजेड नेमकं काय करतो?

परत त्या दूधवाल्या बाईकडं येऊ. या चित्रात व्हर्मीरनं तीन गोष्टी केल्यात.

पहिली गोष्ट, भिंत. पांढरी भिंत म्हणजे पांढरा रंग, असं त्यानं केलं नाही. खिडकीला लागून असलेला कोपरा त्यानं अंधारा ठेवला. कारण खऱ्या घरातही तसंच होतं. खिडकीतून आलेला उजेड पुढं निघून जातो आणि खिडकीच्या बाजूचा कोपरा काळवंडलेला राहतो. खिडकीपासून लांब गेलं की भिंत उजळत जाते. हे दिवसा, लाइट बंद करून, कुठल्याही घरात बघता येईल.

दुसरी गोष्ट, बाई. तिची उजेडातली बाजू त्यानं भिंतीच्या अंधाऱ्या भागासमोर आणली आणि सावलीतली बाजू उजळ भागासमोर. त्यामुळं ती भिंतीला चिकटलेली वाटत नाही. तिच्या मागं मोकळी हवा आहे असं वाटतं.

तिसरी गोष्ट, त्यानं काय काढून टाकलं. २०२२ मध्ये राइक्सम्युझियमच्या संशोधकांनी हे चित्र स्कॅन केलं, तेव्हा रंगाच्या खाली आणखी काही दिसलं. बाईच्या मागं भिंतीवर आधी भांडी अडकवायची फळी होती. खाली विस्तवाची टोपलीही होती. व्हर्मीरनं दोन्ही वस्तू पुसून टाकल्या. उरली फक्त मोकळी भिंत, तिच्यावर एक खिळा आणि त्या खिळ्याची बारीकशी सावली. उजेडाला पसरायला जागा हवी म्हणून त्यानं सामान कमी केलं.

अशी खोली तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. बहुतेक वेळा खिडकी डावीकडं. पण प्रत्येक वेळी मूड वेगळा.

निळ्या कपड्यातली बाई पत्र वाचतेय, त्या चित्रात खिडकी दिसतच नाही. नुसता तिचा उजेड येतो. भिंतीवरच्या सावल्याही निळसर आहेत. सगळी खोली पहाटेसारखी गार वाटते आणि पत्रात काय असेल याची उगाच काळजी वाटायला लागते.

हातात तराजू धरलेली बाई हे चित्र घ्या. इथं खिडकीवर पडदा ओढलाय. वरच्या बाजूनं थोडासाच उजेड आत येतो आणि चेहरा, बोटं, टेबलावरचे मोती एवढ्यांनाच शिवतो. बाकी खोली अंधारात. तराजूची पारडी रिकामी आहेत. तीच डावीकडची खिडकी, पण दूधवाल्या चित्रात निवांत वाटतं, इथं मात्र श्वास रोखून उभं राहावंसं वाटतं.

घराबाहेर पडूनही त्यानं हेच केलं. डेल्फ्ट शहराच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात पुढच्या इमारती ढगाच्या सावलीत आहेत आणि मागची घरं उन्हात न्हालीयत. त्यामुळं नजर आपोआप शहराच्या आत ओढली जाते.

सावलीत महागडा निळा

हे सगळं करायला त्याला दोन गोष्टी लागायच्या. वेळ आणि निळा रंग.

हा निळा रंग बनायचा लाजवर्द या दगडापासून. हा दगड यायचा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. तिथून युरोपात पोचेपर्यंत त्याची किंमत भयंकर वाढायची. म्हणून बाकीचे चित्रकार तो जपून वापरायचे. व्हर्मीर मात्र तो सावल्यांत आणि इतर रंगांच्या थराखालीही वापरायचा, जिथं तो पटकन कळूनही येत नाही. कारण सावली काळी नसते, तिच्यात आकाशाची निळाई उतरलेली असते, हे त्यानं पाहिलं होतं.

त्याच्या चित्रांतल्या इतर वस्तूही लांबून आलेल्या. पूर्वेकडचे गालिचे, चिनी मातीची भांडी, जपानी पद्धतीचा झगा. डच ईस्ट इंडिया कंपनीची जी सहा कार्यालयं नेदरलँड्समध्ये होती, त्यातलं एक डेल्फ्टमध्येच होतं. याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. तिचे अवशेष आजही तिथं बघायला मिळतात.

राहिला वेळ. व्हर्मीरची म्हणून आज साधारण ३७ चित्रं मानली जातात. हरवलेली धरली तरी आयुष्यभरात त्यानं ६० च्या पुढं चित्रं काढली नसावीत, असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला दोन-तीन. पीटर व्हान राउव्हेन आणि त्याची बायको मारिया हे डेल्फ्टमधलं श्रीमंत जोडपं त्याची बरीच चित्रं विकत घ्यायचं, म्हणून गाडं चाललं होतं.

त्यानं यंत्र वापरलं का?

व्हर्मीरबद्दल हा प्रश्न हमखास विचारला जातो. अंधाऱ्या खोलीला किंवा पेटीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य आतल्या भिंतीवर उलटं उमटतं. याला कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणतात. त्याच्या चित्रांत पावावर, भांड्यांवर उजेडाचे गोल ठिपके दिसतात. भिंगातून बघताना फोकस हलला की असेच ठिपके दिसतात. त्यामुळं त्यानं असं यंत्र वापरलं असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

पण त्याच्या सामानाच्या यादीत असं यंत्र नाही. उलट त्याच्या अनेक चित्रांत टाचणीचं भोक सापडलंय. तिथं टाचणी रोवून, दोरा ताणून तो खोलीच्या रेषा आखायचा. यंत्र वापरलं असेल किंवा नसेल, पण ते उजेड दाखवू शकतं. फळी पुसून भिंत मोकळी ठेवायची, हे ते सांगत नाही.

पाववाल्याची उधारी

१६६३ मध्ये बाल्थासार द मोंकोनी नावाचा एक फ्रेंच प्रवासी व्हर्मीरची चित्रं बघायला डेल्फ्टला आला. गंमत म्हणजे व्हर्मीरकडं दाखवायला एकही चित्र नव्हतं. शेवटी पाहुण्यानं एका पाववाल्याच्या घरी त्याचं चित्र बघितलं. पाववाल्यानं किंमत सांगितली ६०० लिव्हर. पाहुण्याला ती अव्वाच्या सव्वा वाटली, तसं त्यानं आपल्या डायरीत लिहूनही ठेवलं.

म्हणजे गावात मान होता. चित्रकारांच्या संघटनेनं व्हर्मीरला १६६२ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये प्रमुख म्हणून निवडलं होतं.

मग आलं १६७२. फ्रान्सचं सैन्य नेदरलँड्समध्ये घुसलं. शत्रूला अडवण्यासाठी डच लोकांनी बांध फोडून आपल्याच जमिनी पाण्याखाली घातल्या. त्यात सासूबाईंच्या जमिनीही बुडाल्या आणि त्यांचं उत्पन्न थांबलं. चित्रांचा बाजार तर पार बसला. व्हर्मीरची स्वतःची चित्रं विकेनात आणि धंद्यासाठी घेतलेली इतरांची चित्रंही पडून राहिली. जुलै १६७५ मध्ये त्यानं अ‍ॅमस्टरडॅममध्ये १,००० गिल्डरचं कर्ज काढलं.

त्याच डिसेंबरात तो गेला. वय फक्त ४३. कॅथरिनानं नंतर सरकारदरबारी अर्ज केला. त्यात तिनं सांगितलं की मुलांचं ओझं आणि बुडालेला धंदा यांचा नवऱ्यानं इतका धसका घेतला, की दीड दिवसात धडधाकट माणूस होत्याचा नव्हता झाला. तिच्या पदरात दहा मुलं अजून लहान होती.

पाववाल्या हेंड्रिक व्हान बाउटेनचं देणं ६०० गिल्डरच्या वर गेलं होतं. दोन-तीन वर्षांच्या पावाचे हे पैसे असावेत, असं अभ्यासक सांगतात. कॅथरिनानं त्याच्याकडं नवऱ्याची दोन चित्रं ठेवली. जमल्यास सोडवून घेऊ, या अटीवर. १६७६ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. मालमत्तेची व्यवस्था बघायला शहरानं ज्याला नेमलं, तो होता अँटोनी व्हान लेव्हेनहूक. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारा तोच शास्त्रज्ञ. डेल्फ्टचाच, आणि व्हर्मीरच्याच वर्षी जन्मलेला.

दोन गिल्डरची मुलगी

१६९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला व्हर्मीरच्या २१ चित्रांचा लिलाव झाला. दूधवाली बाई १७५ गिल्डरला गेली. त्यानंतर मात्र त्याचं नाव हळूहळू पुसट होत गेलं. काही चित्रं तर दुसऱ्याच चित्रकारांच्या नावावर खपू लागली.

त्याला परत शोधून काढलं थोरे नावाच्या फ्रेंच पत्रकारानं. डेल्फ्ट शहराचं चित्र बघून तो वेडावला आणि अनेक वर्षं संग्रहालयं, खासगी घरं धुंडाळत फिरला. १६६६ च्या सुमारास व्हर्मीर ऐन भरात होता, त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८६६ मध्ये, थोरेनं त्याच्यावर सविस्तर लेख लिहिले.

तरीही १८८१ मध्ये हेगच्या एका लिलावात व्हर्मीरनं काढलेला एका मुलीचा चेहरा दोन गिल्डर आणि ३० सेंटला विकला गेला. चित्राची अवस्था वाईट होती आणि ते कुणाचं हे बहुतेकांना माहीत नव्हतं. मोत्याचं कानातलं घातलेली जगप्रसिद्ध मुलगी ती हीच. नीट बघितलं तर तिच्या कानात मोती असा नाहीच. पांढऱ्या रंगाचे एक-दोन फटकारे आहेत, उजेड परतवणारे. मोती बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो.

२०२३ मध्ये राइक्सम्युझियमनं जगभरातून व्हर्मीरची २८ चित्रं एका छताखाली आणली. सगळी तिकिटं काही दिवसांत संपली. सुमारे साडेसहा लाख लोक येऊन गेले.

त्यातल्या बहुतेक चित्रांत होतं काय, तर एक खोली आणि तिच्यात आलेला दिवसाचा उजेड. तो फुकट मिळतो. व्हर्मीरला तो रंगवायला मात्र आख्खं आयुष्य लागलं, आणि त्याचा हिशेब त्याच्यामागं कॅथरिनानं पाववाल्याकडं चुकता केला.