हरवलेल्या मेंढराचा माग काढणारे लेखक : जी. के. चेस्टरटन



रहस्यकथा आपल्यापैकी बहुतेकांना आवडतात. जुन्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांच्या कथा रात्र रात्र जागून वाचल्या. आजची पिढी जेवणे उरकली की टीव्हीवर खुनाच्या मालिका पाहत बसते. खून कोणी केला हे कळले, गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडल्या, की आपले समाधान होते आणि आपण झोपायला जातो. पण बेड्या पडलेल्या त्या माणसाच्या आत्म्याचे पुढे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारणारे एक लेखक इंग्लंडमध्ये होऊन गेले. त्यांनी आपल्या कथांचा नायक केला तो पोलीस अधिकाऱ्याला नव्हे, तर एका साध्या कॅथलिक धर्मगुरूला. त्या लेखकाची आज आपण ओळख करून घेऊ.

गिल्बर्ट कीथ चेस्टरटन यांचा जन्म २९ मे १८७४ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात झाला. वडिलांचा घरे व जागांच्या खरेदी-विक्रीचा पिढीजात व्यवसाय होता. घर खाऊनपिऊन सुखी होते. लहानग्या गिल्बर्टचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण घरात धर्माचे वातावरण बेताचेच होते. शाळा संपल्यावर चित्रकार व्हावे म्हणून ते लंडनमधील स्लेड कलाशाळेत दाखल झाले.

तिथे असताना या तरुणाच्या आयुष्यात काळोख दाटून आला. या जगात खरे असे काही आहे का, की सारा आपल्याच मनाचा खेळ आहे, असे त्यांना वाटू लागले. धाकटा भाऊ सेसिल याच्यासह प्लँचेटचे प्रयोग करून झाले. मनात अत्यंत भयानक विचार येत. प्रत्यक्षात त्यांनी कोणतेही मोठे दुष्कर्म केले नाही. परंतु कोणतेही दुष्कर्म आपल्या मनाला परके नाही, हे त्यांनी स्वतःच्या आत डोकावून पाहिले आणि ते हादरले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. त्यातून ते कसे सावरले? आपण जिवंत आहोत, डोळ्यांना प्रकाश दिसतो, एवढ्या साध्या गोष्टीबद्दल आभार मानण्याची वृत्ती त्यांनी सोडली नाही. आभार मानायचे तर ते कोणाचे, हा प्रश्न ओघाने आलाच. हळूहळू त्याच प्रश्नाने त्यांना देवाकडे आणले.

२८ जून १९०१ रोजी त्यांचा विवाह फ्रान्सिस ब्लॉग यांच्याशी झाला. या बाई अँग्लिकन पंथाच्या, पण मनापासून श्रद्धाळू होत्या. धर्म रोजच्या जगण्यात कसा पाळायचा, हे चेस्टरटन यांनी प्रथम आपल्या पत्नीकडे पाहून शिकले. त्यांना मूलबाळ झाले नाही. ते दुःख दोघांनी मिळून सोसले.

एव्हाना ते वृत्तपत्रांत लिहू लागले होते. सहा फुटांहून उंच, अवाढव्य देह, अंगावर झगा, हातात छडी आणि विसराळू इतके की एकदा प्रवासात भलत्याच गावी उतरून, मी कुठे असायला हवे होते, अशी तार त्यांनी पत्नीला केली! पण लेखणी विलक्षण धारदार होती. १८ सप्टेंबर १९०९ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्यांनी भारतीय राष्ट्रवादावर लेख लिहिला. भारताला स्वराज्य हवे असेल तर ते इंग्लंडची नक्कल नसावे, असा त्याचा रोख होता. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या गांधीजींच्या वाचनात तो आला आणि त्यांना तो फार महत्त्वाचा वाटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, परतीच्या बोटीवर, गांधीजींनी 'हिंद स्वराज' लिहिले.

आता आपण आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. १९०४ च्या सुमारास चेस्टरटन व्याख्यानासाठी यॉर्कशायरमधील कीथली या गावी गेले होते. तिथे त्यांची फादर जॉन ओ'कॉनर या आयरिश धर्मगुरूंशी ओळख झाली. दोघे माळरानावरून चालत इल्कली गावाकडे निघाले. वाटेत समाजातील गुन्हेगारी व अनीती यांविषयी बोलणे झाले आणि चेस्टरटन यांच्या काही समजुती फादरांनी दुरुस्त केल्या. मनुष्य किती खोल दरीत पडू शकतो, याचे या साध्यासुध्या धर्मगुरूंना असलेले ज्ञान ऐकून चेस्टरटन थक्क झाले.

मुक्कामी पोहोचल्यावर केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. फादरांशी त्यांच्या संगीत आणि कलेवर गप्पा रंगल्या. फादर खोलीबाहेर जाताच त्यांतला एक म्हणाला की, माणूस विद्वान आहे, पण असे मठात कोंडून घेतलेल्यांना जगातले खरे पाप काय कळणार! चेस्टरटन यांना हसू आवरेना. पापाच्या बाबतीत फादरांपुढे हे दोघे तान्ही बाळे होती. त्या हसण्यातूनच एका कथानायकाची कल्पना जन्मली. ज्याला जगाचे काही कळत नाही असे सगळ्यांना वाटते, पण प्रत्यक्षात ज्याला सर्वांत जास्त कळते, असा धर्मगुरू.

हेच फादर ब्राऊन. पहिली कथा १९१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९११ मध्ये 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राऊन' हा पहिला संग्रह आला. १९३५ पर्यंत एकूण पाच संग्रह निघाले. फादर ब्राऊन बुटके, गोल चेहऱ्याचे. हातात भली मोठी छत्री, ती सारखी खाली पडते. धर्मग्रामात असा धर्मगुरू आला तर आपणही म्हणू, बिचारे फार भोळे आहेत!

या कथांत श्रद्धेचे स्थान काय? श्रद्धेवर आधारलेली रहस्यकथा लिहिताना लेखकाला एक मोह होतो. पेच सुटेनासा झाला की देवाने चमत्कार करावा आणि कथा संपावी. चेस्टरटन यांनी हा मोह कटाक्षाने टाळला. पहिल्याच कथेत फ्लँबो नावाचा अट्टल चोर धर्मगुरूचा वेष घेऊन फादर ब्राऊन यांच्याजवळचा मौल्यवान क्रूस लांबवायला येतो. दोघे तारे पाहत देवाविषयी बोलत बसतात. मानवी बुद्धीचा भरवसा नाही, अशा थाटाचे काहीतरी तो तोतया बोलून जातो. फादर ब्राऊन यांची खात्री पटते की हा खरा धर्मगुरू नव्हे; कारण बुद्धीची निंदा हे कॅथलिक ईशज्ञानच नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांची जी शिकवण आम्ही जाड ग्रंथांतून घोकली, ती चेस्टरटन यांनी एका चोराच्या गोष्टीत आणली. श्रद्धा आणि बुद्धी या दोन्ही देवाच्याच देणग्या आहेत. त्यांचे भांडण असूच शकत नाही.

पुढच्या कथांत तर याहून गंमत आहे. एखादी अघटित घटना घडते. स्वतःला नास्तिक म्हणवणारी मंडळी घाबरून भूत, शाप, दैवी कोप यांवर विश्वास ठेवू लागतात. एकटे फादर ब्राऊन शांतपणे दोरी, खिडकी, जिना तपासत असतात. देवावर ज्याची श्रद्धा आहे, त्याला भलत्यासलत्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याची गरज पडत नाही. घरातल्या आजारपणाला कोणाची तरी नजर लागली असे मानून गंडेदोरे शोधत फिरणाऱ्या आपल्यातील काहींनी हे ध्यानात घ्यायला हवे.

१९३० मध्ये इंग्लंडमधील रहस्यकथाकारांनी 'डिटेक्शन क्लब' स्थापन केला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष; अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स त्याच्या सभासद. कथेतील गुन्हा दैवी साक्षात्काराच्या आधारे उलगडणार नाही, अशी शपथ तिथे घ्यावी लागे. अध्यक्ष भाविक कॅथलिक असूनही त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही!

मग फादर ब्राऊन गुन्हा शोधतात तरी कसा? १९२७ च्या 'द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन' या संग्रहात ते आपले गुपित उघड करतात, आणि ते ऐकून समोरचा माणूस दचकतो. ते सांगतात, ते सर्व खून मीच केले. म्हणजे असे की, गुन्हेगाराला बाहेरून किड्यासारखे न न्याहाळता ते त्याच्या आत शिरतात. त्याचा राग, त्याची हाव, त्याचा मत्सर स्वतःच्या हृदयात शोधतात, आणि तो तिथे सापडतोच. पूर्ण सापडला की गुन्हेगार कोण हे त्यांना कळते. कलाशाळेतील त्या काळ्या दिवसांत चेस्टरटन यांनी स्वतःच्या आत जे पाहिले होते, त्याचे देवाने असे सोने केले.

'द हॅमर ऑफ गॉड' या कथेत एका दुराचारी कर्नलचा खून होतो. खुनी निघतो त्याचा भाऊ, गावच्या अँग्लिकन चर्चमधील धार्मिक वृत्तीचा पाद्री. चर्चच्या उंच मनोऱ्यावर एकटे प्रार्थना करता करता त्याला खालची माणसे किड्यामुंग्यांसारखी दिसू लागली आणि न्याय करण्याचा अधिकार आपला आहे असे वाटू लागले. उंचावरून त्याने हातोडा टाकला. हा इशारा प्रथम आम्हा धर्मगुरूंना आहे आणि नंतर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला. प्रार्थना करून आपण खाली वाकायला शिकलो, की इतरांकडे वरून पाहायला शिकलो? फादर ब्राऊन त्या पाद्र्याला मनोऱ्यावरून उडी टाकू देत नाहीत. ते त्याला पोलिसांच्या हवालीही करत नाहीत. पुढे काय करायचे, हे ते त्याच्या विवेकबुद्धीवर सोपवतात. तो स्वतःच्या पायांनी खाली उतरतो आणि गुन्हा कबूल करतो.

आणि तो चोर फ्लँबो? आणखी एका कथेत तो हिरे चोरून रात्री बागेतल्या झाडावर चढून बसला आहे. फादर ब्राऊन झाडाखाली उभे राहून त्याला समजावतात की, वाईट वाटेवर मनुष्य एका पायरीवर थांबू शकत नाही, तो खाली खालीच जातो. काही वेळाने हिरे खाली पडतात. फ्लँबो चोरी सोडतो आणि पुढे फादरांचा जिवलग मित्र होतो. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला प्रभू येशूने दिला. फादर ब्राऊन यांच्या कथा म्हणजे त्याच दाखल्याची विसाव्या शतकातील रूपे होत.

नवल असे की, या कथा सुरू झाल्या तेव्हा चेस्टरटन स्वतः कॅथलिक नव्हते. निर्णय मनात होता, पण फ्रान्सिसला मागे सोडून एकट्याने जाणे त्यांच्या जिवावर येत होते. १९१४ च्या अखेरीस ते गंभीर आजारी पडले, कित्येक आठवडे शुद्धीवर नव्हते. १९१८ मध्ये महायुद्धात सैनिक असलेला भाऊ सेसिल फ्रान्समधील लष्करी इस्पितळात वारला. शेवटी ३० जुलै १९२२ रोजी बीकन्सफील्ड या गावी, रेल्वे हॉटेलच्या आवारातील पत्र्याच्या छपराच्या खोलीत, फादर ओ'कॉनर यांनी त्यांना ख्रिस्तसभेत स्वीकारले. गावात तेव्हा कॅथलिक चर्च नव्हते. विधीच्या पुस्तकाची चौकशी झाली तेव्हा त्यांनी खिशात हात घातला, तर आधी बाहेर आली ती तीन पेनीची एक रहस्यकथा! न लाजता त्यांनी पुन्हा खिसा चाचपला आणि प्रार्थनापुस्तक काढले. आत त्यांचे पापनिवेदन चालू असताना बाहेर फ्रान्सिस रडत होत्या. चार वर्षांनी, १९२६ च्या सर्व संतांच्या सणाला, त्यादेखील ख्रिस्तसभेत आल्या.

तुम्ही कॅथलिक का झालात, असे लोक त्यांना विचारत. माझ्या पापांपासून मुक्त होण्यासाठी, असे त्यांचे सरळ उत्तर असे. एवढ्या मोठ्या विचारवंताने पुढे केला तो प्रायश्चित्त संस्कार, जो आपल्यापैकी अनेकजण वर्षानुवर्षे टाळतात.

पुढे त्यांनी संत फ्रान्सिस (१९२३) व संत थॉमस अक्विनास (१९३३) यांच्यावर सुंदर ग्रंथ लिहिले. त्यांचे सर्वच लेखन मात्र निर्दोष नाही. यहुदी लोकांविषयी त्यांनी काही ठिकाणी जे लिहिले, ते आज वाचताना मनाला बोचते. त्यांना संतपद मिळावे अशी मागणी होती; परंतु २०१९ मध्ये नॉर्दम्प्टनच्या बिशपांनी ती प्रक्रिया सुरू न करण्याचा निर्णय जाहीर केला, त्याच्या कारणांत हेही एक होते. इतरांच्या अंतःकरणात शिरायला शिकवणाऱ्या लेखकालाही एका समाजाच्या बाबतीत ते जमले नाही. मोठ्या माणसांचे चरित्र वाचताना ही बाजू झाकू नये.

१४ जून १९३६ रोजी, रविवारी, बीकन्सफील्डच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. पण फादर ब्राऊन यांचे काम चालूच राहिले. १९५४ च्या चित्रपटात ही भूमिका करणारे अॅलेक गिनेस फ्रान्समध्ये चित्रीकरणानंतर झग्यातच संध्याकाळी चालले होते. एका लहान मुलाने त्यांना खरेच फादर समजून त्यांचा हात धरला आणि बडबडत बरोबर चालू लागला. ज्यांच्यावर एखादे मूल इतका विश्वास टाकते, त्या धर्मगुरूंविषयी त्यांचे मन बदलू लागले. १९५६ मध्ये ते कॅथलिक झाले.

बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही कोणाचे पाऊल घसरते. कोणी दारूच्या आहारी जातो, कोणी पैशाचा घोळ करतो, कोणाचे घर मोडते. बातमी मिस्सा संपण्याआधीच चर्चच्या पायऱ्यांवर पोहोचते. अशा वेळी आपण सारेच हुशार गुप्तहेर होतो! गुन्हेगार शोधणे सोपे असते. त्याचा गुन्हा स्वतःच्या हृदयात शोधणे कठीण, आणि त्याला घरी परत आणणे त्याहून कठीण. या आठवड्यात अशा एका तरी माणसाच्या दाराशी आपण जाऊ या. आणि जाण्याआधी आपले स्वतःचे पापनिवेदन करून घेऊ या. शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यासाठी चर्चमध्ये बसतो, हे आपण जाणताच.

उत्तम मेंढपाळ प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू