जोसेफीन कॉक्रेन

कोल्हापुरात एखाद्या घरी पाहुण्यांची पंगत उठली, की खरी परीक्षा सुरू होते ती मोरीपाशी. तांबड्या रश्श्याच्या तेलकट वाट्या, पातेली, ताटे आणि पेले यांचा तेथे ढीग पडतो. जेवणारे तृप्त होतात. पण तो ढीग घासणाऱ्यांच्या कमरेचा विचार फारसा कोणी करीत नाही. एके काळी राख आणि नारळाची शेंडी घेऊन घरातील बायका किंवा मोलकरणी हे काम तासन्‌तास करीत. आता काही घरांत भांडी धुणारे यंत्र आले आहे. जुन्या स्वयंपाकघरात ते बसवायचे म्हणजे नळाचे काम करणारा आणि विजेचे काम करणारा असे कारागीर बोलवावे लागतात. हे यंत्र ज्यांनी प्रथम उपयोगी पडेल असे घडवले, त्या बाईंनाही कारागिराची मदत घ्यावी लागली होती. त्यांचे नाव जोसेफीन कॉक्रेन.

जोसेफीनबाईंचा जन्म १८३९ साली अमेरिकेत ओहायो राज्यात झाला. त्यांचे वडील जॉन गॅरिस हे इंजिनियर होते. आईच्या घराण्यातील जॉन फिच यांनी वाफेवर चालणारी नाव बांधली होती. यंत्रविद्येचा वारसा असा दोन्हीकडून आला होता. परंतु जोसेफीनबाईंना त्या विद्येचे रीतसर शिक्षण मात्र मिळाले नाही. १८५८ साली त्यांचा विवाह झाला आणि पुढे हे कुटुंब इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल या गावी राहू लागले. घर सुखवस्तू होते. पाहुण्यांचा राबता असे आणि त्यांच्यासाठी चिनी मातीची जुनी, मौल्यवान भांडी काढली जात. नोकरांच्या हातून धुताना त्या भांड्यांचे टवके उडू लागले. म्हणून बाई ती स्वतः धुऊ लागल्या. पण थोड्याच दिवसांत हे काम किती कष्टाचे आहे, हे त्यांना कळून चुकले. भांडी फुटू नयेत आणि हातही शिणू नयेत, असे यंत्र का असू नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. प्रथम त्यांना काळजी होती ती भांड्यांची, घासणाऱ्या हातांची नव्हे. ते कष्ट स्वतः केले, तेव्हाच त्यांचे मोल त्यांना उमगले.

१८८३ साली त्यांच्या पतीचे निधन झाले. मागे राहिले ते कर्ज. जी गोष्ट केवळ सोयीची होती, तीच आता निर्वाहाचा आधार होऊन बसली. घरामागच्या लाकडाच्या खोपटात त्यांनी काम आरंभले. ताटे, बश्या आणि पेले यांची मापे घेऊन त्यांनी तारेचे खण तयार केले. ते खण एका आडव्या चाकावर बसवले आणि ते चाक तांब्याच्या हंड्यात ठेवले. चाक फिरू लागले, की साबणाचे गरम पाणी जोराने भांड्यांवर उडे. याआधीही काहींनी अशी यंत्रे करून पाहिली होती. पण ती फारशी उपयोगी ठरली नव्हती. कुंचल्याऐवजी पाण्याच्या जोराने भांडी धुवावीत, हेच जोसेफीनबाईंच्या यंत्राचे मर्म होते.

कल्पना डोक्यात असली, तरी धातू वाकवायला कसबी हात हवा होता. बाईंनी मोबदला देऊन कारागीर ठेवले. परंतु यंत्रांतले बाईमाणसाला काय कळणार, असे समजून काही जण आपल्याच पद्धतीने काम करीत. ती पद्धत फसली, म्हणजे मग बाईंचे म्हणणे त्यांना पटे. यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जाई. अखेर जॉर्ज बटर्स या यंत्रकारागिराची त्यांना उत्तम साथ लाभली. एकीची कल्पना आणि दुसऱ्याचे कसब यांची अशी जोड जमली. २८ डिसेंबर १८८६ रोजी बाईंना आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले.

यंत्र झाले, पण घेणार कोण? त्याची किंमत सामान्य घरांना परवडणारी नव्हती. शिवाय त्या काळच्या घरांत इतके गरम पाणीही मिळत नसे. म्हणून बाई शिकागोच्या मोठ्या हॉटेलांकडे वळल्या. एका हॉटेलाच्या भव्य दिवाणखान्यातून एकट्याने चालत जाताना त्यांचे पाय लटपटत होते; कारण पुरुष सोबत नसताना त्या कोठे गेल्याच नव्हत्या. तरीही त्या गेल्या आणि ८०० डॉलरची मागणी मिळवूनच परतल्या.

१८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी जगाचे लक्ष वेधून घेतले. त्या प्रदर्शनात जोसेफीनबाईंच्या यंत्रांनी भोजनगृहांतील भांड्यांचे ढीग धुऊन काढले आणि पारितोषिकही मिळवले. पुढे रुग्णालये व महाविद्यालये यांनीही ही यंत्रे घेतली. १९१३ साली बाईंचे निधन झाले. आपले यंत्र सामान्य घराघरांत पोहोचलेले त्यांना पाहता आले नाही. अमेरिकेतील घरांत त्याचा प्रसार झाला, तो १९५० नंतर.

आज कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या घरात हे यंत्र येते, तेव्हाही तीच गोष्ट घडते. स्वच्छ पाणी आत आणणारी नळी, सांडपाणी बाहेर नेणारी नळी, सुरक्षित वीज आणि सपाट जमीन एवढे जुळून आले, तरच ते नीट चालते. घरमालकाने आपली गरज स्पष्ट सांगावी आणि कारागिराने ती लक्षपूर्वक ऐकावी. तसेच कारागिराने दाखवलेली अडचण मालकानेही मानावी. स्वदेशी चलच्चित्रकॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या या नगरीत कारागिराच्या हाताचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र आजही पुष्कळ घरांत भांडी घासतात ती माणसेच. जेवून उठताना आपले ताट आपण उचलून मोरीपाशी नेले, तर जोसेफीनबाईंना उमगलेली गोष्ट आपल्यालाही उमगेल.