सोलापूरचा डॉक्टर, चीनचा जावई

डॉ. कोटणीस म्हटलं की व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा आठवतो. मला मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या बायका आठवतात.

द्वारकानाथांचा जन्म १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. जपानच्या हल्ल्यात होरपळणाऱ्या चीनला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. खर्चासाठी इकडे लोकांनी वर्गणी दिली.

तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. कुणीही परतलं असतं. द्वारकानाथ राहिले. सोबतचे एकेक करून मायदेशी आले, तरी हे चिनी भाषा शिकून डोंगराळ खेड्यांत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. १९४० च्या एका लढाईत म्हणे सलग ७२ तास! १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्याच को छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला फिट येऊन द्वारकानाथ गेले. वय अवघं ३२.

आमच्या तारोडीत आरोग्य शिबिराच्या तयारीला बायका जमल्या की मी ही हकिगत सांगते. त्यागाबिगाबद्दल कुणी बोलत नाही. विचारतात, त्या आईचं काय झालं असेल हो? आणि त्या पोरीचं?

छिंगलान पुढे भारतात येऊन सासरच्यांना भेटल्या. यिनहुआ डॉक्टरकी शिकत असताना १९६७ मध्ये गेला. त्या स्वतः २०१२ पर्यंत होत्या.